परसातल्या कळपालाही आरोग्याचा दाखला मिळू द्या

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

वीस-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला आपल्या कोंबड्यांचा आरोग्याचा दाखला हवा असेल, तर आज त्याच्या हाती पडू शकतो तो वाहतुकीचा कागद. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ चे. त्यांत कोंबड्यांसाठी वेगळे प्रकरण २००१ साली आले. त्यानुसार न्यायच्या कोंबड्या धडधाकट असाव्यात, पशुवैद्यकाने त्या तपासाव्यात आणि त्यांना संसर्गजन्य रोग नाही, प्रवास त्यांना झेपेल, असे लिहून द्यावे. तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असेल तेव्हा कोंबड्या नेऊ नयेत, असेही त्याच प्रकरणात म्हटले आहे. जळगाव-अकोल्याकडच्या माणसाने हे अक्षरशः पाळायचे ठरवले तर वर्षातले बहुतेक दिवस त्याला कोंबड्या घेऊन घरीच बसावे लागेल. पण तो विषय वेगळा. मला खटकते ते या दाखल्यामागचे गृहीतक. कोंबडीकडे बघून तिला संसर्गजन्य रोग नाही हे सांगता येते, असे हा नियम धरून चालतो. प्रत्यक्षात जे रोग छोट्या पाळणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान करतात, त्यांतले काही नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. केंद्राचा नियम बदलणे आपल्या अखत्यारीत नाही, हे मला कळते. मात्र त्याच्या जोडीला राज्यात कळपाच्या आरोग्याचा, रक्तचाचणी आणि लसीकरणाच्या नोंदीवर आधारलेला, ठरावीक मुदतीचा दाखला सुरू करणे आपल्याला शक्य आहे, आणि तो लहानात लहान पाळणाऱ्याच्या आवाक्यात ठेवणेही. हे पत्र त्यासाठी आहे.

पांढऱ्या हगवणीचे उदाहरण घेऊ. साल्मोनेला पुलोरम या जिवाणूचा हा रोग पिल्लू अंड्यातूनच घेऊन येऊ शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्ले पंख पाडून कोपऱ्यात गोळा होतात, शेपटीखाली पांढरी विष्ठा चिकटून वाळते आणि एकामागून एक माना टाकतात. यातून वाचलेली तलंग मात्र वाढते, अंड्यावर येते, तुरा लालबुंद, चालणे तरतरीत. जिवाणू तिच्या अंडाशयात मुक्कामाला असतो आणि तिच्या काही अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. अशी कोंबडी डालग्यात घालून दवाखान्यात आणली तर कितीही अनुभवी डॉक्टर तिला निरोगीच म्हणेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. नियमाने त्याला जे पाहायला सांगितले ते त्याने पाहिले. त्या कोंबडीची अंडी उबवणीला विकली जातात, पिल्ले दुसऱ्या तालुक्यात जातात, तिथे मरतात, आणि घेणारा म्हणतो की पिल्लांना हवा मानवली नाही. कागदोपत्री सगळे रीतसर झालेले असते.

ही कोंबडी ओळखायची चाचणी मात्र फार जुनी आणि फार साधी आहे. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर किंवा काचेच्या पट्टीवर जांभळ्या रंगाच्या अँटिजेनचा एक थेंब ठेवायचा. कोंबडीचा पंख उलटा करून त्याखालची शीर सुईने टोचायची, तारेच्या छोट्या कडीने रक्ताचा अगदी बारीक थेंब उचलून त्या जांभळ्या थेंबात मिसळायचा आणि पट्टी हलक्या हाताने फिरवत राहायचे. कोंबडीत रोगाची प्रतिपिंडे असतील तर दोन मिनिटांच्या आत त्या थेंबात जांभळ्या गुठळ्या धरू लागतात; नसतील तर थेंब एकसारखा राहतो. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, नमुना बर्फात घालून कुठे पाठवावा लागत नाही. निकाल खुराड्याच्या दारातच, कोंबडीच्या मालकाच्या डोळ्यांसमोर लागतो. हे रंगीत अँटिजेन बरेलीजवळच्या इज्जतनगर इथली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था बनवते, म्हणजे परदेशातून मागवायचा प्रश्नही नाही. चाचणीला मर्यादा आहेत. ती चार महिन्यांवरच्या कोंबड्यांची करायची असते, टर्कीला ती लागू पडत नाही, आणि दुसऱ्या एखाद्या जिवाणूमुळेही कधी गुठळ्या होतात, म्हणून संशयित कोंबडी वेगळी काढून तिची खातरजमा प्रयोगशाळेत करावी लागते. त्यासाठी पुण्यात औंधला आपल्याच विभागाची रोग अन्वेषणाची यंत्रणा आहे. एवढे सगळे हाताशी असताना आपण कोंबडीचे आरोग्य टोपलीत डोकावून ठरवतो, याचे मला राहून राहून नवल वाटते.

अमेरिकेत हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी असाच उभा होता. पांढऱ्या हगवणीने कधीकधी शेकडा ऐंशी पिल्ले मरत. पिल्ले टपालाने विकण्याची तिथे पद्धत, त्यामुळे एका हॅचरीतला रोग चार राज्यांत पोचे. १९३५ मध्ये तिथे राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली, ती केंद्र, राज्ये आणि व्यावसायिक यांच्या भागीदारीत आणि ऐच्छिक. ज्या मूळ कळपापासून पिल्ले तयार होतात त्याची रक्तचाचणी करायची, गुठळी धरणाऱ्या कोंबड्या काढायच्या, पुन्हा चाचणी करायची, आणि कळप स्वच्छ ठरला की तसा दर्जा द्यायचा. त्या कळपातली अंडी किंवा पिल्ले विकली की दर्जा नोंदवलेला एक ठरावीक फॉर्म मालाबरोबर घेणाऱ्याकडे जातो. अनेक राज्यांत चाचणी करणारा माणूस पदवीधर पशुवैद्यकच असावा लागत नाही. राज्याच्या यंत्रणेने प्रशिक्षण देऊन नेमलेला माणूस ती करतो. तिथल्या व्यापारी कळपांतून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला, तरी हौसेने घरामागे कोंबड्या पाळणाऱ्यांच्या कळपांत तो अधूनमधून सापडतो, आणि म्हणून पाच-दहा कोंबड्यांच्या मालकालाही योजनेत जागा ठेवली आहे. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लहान कळप योजनेबाहेर ठेवले की रोगाला दडायला तेवढी जागा शिल्लक राहते. अमेरिकेची नक्कल करा, असे मी म्हणत नाही. तिथले पाळणारे वेगळे, गावे वेगळी, आणि तिथे कोंबडी शेजाऱ्याच्या उकिरड्यावर उकरायला जात नाही. घ्यायचे ते तत्त्व एवढेच की चाचणी मूळ कळपाची व्हावी आणि तिचा निकाल पिल्लांबरोबर जावा.

हे तत्त्व आपल्याला नवीनही नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातले २६ कुक्कुट ‘कंपार्टमेंट’ बर्ड फ्लूपासून मुक्त असल्याची स्वयंघोषणा जागतिक पशुआरोग्य संघटनेकडे केली. त्यांत महाराष्ट्रातलेही आहेत. कंपार्टमेंट म्हणजे एकाच जैवसुरक्षा व्यवस्थेखाली चालणारे, बाहेरच्या पक्ष्यांपासून तोडलेले कळप. त्यांची नियमित तपासणी होते, नोंदी ठेवल्या जातात, आणि त्यांच्या जोरावर परिसरात साथ आली तरी ‘आमच्या कळपात रोग नाही’ असे निर्यातदाराला म्हणता येते. हे चांगलेच झाले. यातून एक गोष्ट मात्र सिद्ध होते. कळपाला आरोग्याचा दर्जा देता येतो, हे सरकारने मान्य केले आहे. वाद उरतो तो फक्त कोणाच्या कळपाला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या आणि इतर कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यांतले जवळपास ३२ कोटी परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. व्यापारी फार्मवरची वाढ पाच टक्क्यांच्याही आत होती. म्हणजे जो भाग सर्वांत वेगाने वाढतो आहे, त्याच्या आरोग्याबद्दल आपल्याकडे लिहिलेले सर्वांत कमी आहे.

लहान कळपांची सरकारदरबारी मोजदाद होते ती बहुधा त्यांना मारायची वेळ येते तेव्हा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. तो निघाला मोठ्या पोल्ट्री फार्मांमध्ये, पण मारण्याच्या मोहिमेतून आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही सुटल्या नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आठ-नऊशे कोंबड्या दगावल्या आणि पुन्हा तेच सुरू झाले. २०२५ च्या सुरुवातीला उदगीरमध्ये कावळे मेले, उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये कोंबड्या मेल्या, आणि त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, नागपूरच्या गोरेवाड्यात तर वाघ आणि बिबट्या याच विषाणूने गेले. आताच्या कृती आराखड्याप्रमाणे लागण झालेल्या जागेभोवतीच्या एक किलोमीटरमधले सगळे पाळीव पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. या निर्णयाला माझा विरोध नाही. त्या विषाणूपुढे दुसरा इलाज नसतो. पण पथक दारात येते तेव्हा घरात कोंबड्या किती होत्या, किती आधीच मेल्या, कोणत्या जातीच्या होत्या, याची नोंद कुठेच नसते. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. म्हणून पहिल्या दोन-चार कोंबड्या मेल्या की लोक दवाखान्यात जात नाहीत. उरलेल्या कोंबड्या डालग्यात घालून आठवडी बाजार गाठतात, आणि रोग बाजाराच्या वाटेने पुढच्या गावी जातो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याच्या कलम ४ प्रमाणे रोगाचा संशय आला की कळवणे मालकावर बंधनकारक आहे. कायदा बंधनकारक म्हणतो, आणि कळवणाऱ्याला कळवल्याने मिळते काय, तर पथक. कळप आधीच नोंदलेला असेल, त्याच्या लशीच्या आणि चाचणीच्या तारखा कार्डावर असतील, तर कळवणाऱ्याला निदान आपली बाजू कागदावर दाखवता येईल.

यावर पहिला आक्षेप आपल्याच खात्यातून येईल, आणि तो वजनदार आहे. दिवसभर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीला कळपाचा दाखला द्यायचा कसा? ती शेजारच्या कोंबड्यांत मिसळते, तळ्यावर येणाऱ्या पाखरांच्या विष्ठेत पाय घालते, संध्याकाळी खुराड्यात परत येते. तिचा कळप नेमका कोणता? मला वाटते, या प्रश्नाने आपण अडून बसण्यापेक्षा त्याच्याकडूनच उत्तर घ्यावे. जिथे कोंबड्या एकमेकींत मिसळतात तो त्यांचा कळप, मग घरे कितीही असोत. म्हणजे मोकळ्या कोंबड्यांसाठी दाखल्याचे एकक घर न धरता वाडी किंवा वस्ती धरावे. मानमोडीच्या लशीचा हिशेब केला तर हेच स्वस्तही पडते. लासोटाची लस पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंबाने पाच ते सात दिवसांच्या वयात, आणि आर-टू-बीची सुई आठव्या आठवड्याच्या सुमारास. लशीची लहानात लहान कुपी मिळते ती साधारणपणे शंभर मात्रांची; ती शीतसाखळीत आणावी लागते आणि एकदा द्रावणात विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. ज्या घरात बारा कोंबड्या आहेत त्याने कुपी आणली तर अठ्ठ्याऐंशी मात्रा मातीत ओतायच्या. म्हणून तो आणतच नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा उन्हाळ्यात मर आली की खुराडे रिकामे होते. आठ-नऊ घरे एकत्र आली की तीच कुपी पुरी वापरली जाते. त्याच फेरीत लहान पक्ष्यांना लस आणि चार महिन्यांवरच्या कोंबड्यांची पंखाखालची रक्तचाचणी, अशी दोन्ही कामे एका सकाळीत उरकता येतात, फक्त ती सकाळ कोंबड्या सोडायच्या आधीची हवी.

ज्याला अंडी उबवणीसाठी किंवा पिल्ले विकायची आहेत त्याचे मात्र वेगळे धरावे लागेल. कडकनाथ, असील किंवा चांगल्या गावरान कोंबड्यांची पैदास करणारे आज राज्यभर आहेत. राष्ट्रीय पशुधन अभियानातून हजार मूळ पक्ष्यांच्या ग्रामीण पैदास केंद्राला २५ लाखांपर्यंत अनुदानही मिळते. अशांनी आपले पक्षी कुंपणात ठेवावेत, बाहेरून आणलेला पक्षी काही आठवडे वेगळा ठेवावा, आणि प्रत्येक मूळ पक्ष्याची रक्तचाचणी करून घ्यावी, ही अट रास्त आहे. दाखल्याचा खरा उपयोगही त्यांनाच आहे. दुचाकीला दोन्ही बाजूंनी खोकी बांधून गावोगाव ‘गावरान’ म्हणून रंगवलेली पिल्ले विकणाऱ्याशी त्यांची स्पर्धा आहे. ती पिल्ले बहुधा अंडी देणाऱ्या संकरित जातीचे नर असतात. ती कुठून आली आणि त्यांना काय टोचले, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. तो माणूस नेहमीच स्वस्त देणार. चांगल्या पैदासकाराला दोन पैसे जास्त मागायचे तर हातात सांगण्यासारखे काहीतरी हवे, आणि आज त्याच्याकडे स्वतःच्या शब्दाखेरीज काही नाही.

‘डॉक्टर आहेत कुठे?’ हा पुढचा प्रश्न. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांची रचना आपण जाणताच. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, श्रेणी-२ मध्ये पशुधन पर्यवेक्षक. आणि पदे रिकामी. गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताच्या फेऱ्या, कुठे गाय अडली तर रात्री-अपरात्री धाव, यातून कोंबडीकडे लक्ष कोण देणार? शिवाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० प्रमाणे कायद्याने मागितलेल्या आरोग्य दाखल्यावर सही नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच लागते. हे सगळे खरे. पण त्याच कलमात किरकोळ पशुवैद्यकीय सेवा पदविकाधारकांकडून पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करून घेण्याची मुभा राज्याला आहे, आणि आणखी कोणत्या सेवा किरकोळ मानायच्या हे राज्य अधिसूचना काढून ठरवू शकते. सुई टोचणे, थेंब मिसळणे, दोन मिनिटे पट्टी फिरवणे हे काम पर्यवेक्षकाला येणार नाही, असे कोणी म्हणणार नाही. तो रोज याहून अवघड कामे करतो. ‘उमेद’ अभियानात तयार झालेल्या पशुसखी कोंबड्या धरायला, घरे गोळा करायला आणि नोंदवही सांभाळायला आहेत, आणि परसातल्या कोंबड्यांचा व्यवहार बहुतेक घरांत बायकांच्याच हातात असल्याने त्यांचे म्हणणे ऐकलेही जाते. डॉक्टरने महिन्याकाठी नोंदी तपासाव्यात, काही घरे अचानक पाहावीत आणि सही करावी. आजच्या पद्धतीत मात्र प्रत्येक टोपलीमागे डॉक्टरचीच सही लागते, म्हणजे मनुष्यबळ कमी असल्याची खरी झळ तिथे बसते. आणि २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा याच खात्याने, याच रिकाम्या पदांसह, राज्यातल्या बहुतेक सगळ्या गोवंशाला काही महिन्यांत लस टोचली होती. साथ आल्यावर जे जमते ते साथीआधी थोड्या प्रमाणात का जमू नये?

काही पशुवैद्यक तत्त्वाचा आक्षेप घेतील, आणि मला त्यांचा आदर वाटतो. ते म्हणतील, आज तपासलेली कोंबडी उद्या आजारी पडली तर आमच्या सहीचे काय? ही भीती खरी आहे, कारण आजच्या दाखल्याचा मजकूरच तसा आहे. ‘संसर्गजन्य रोगापासून मुक्त’ असे सही करणारा माणूस त्याला न कळणाऱ्या गोष्टीची ग्वाही देत असतो. कळपाच्या दाखल्यात असे वाक्य असूच नये. त्यात लिहावे ते झालेले काम: अमुक तारखेला या वस्तीतल्या किंवा कळपातल्या इतक्या पक्ष्यांपैकी इतक्यांची पुलोरमची रक्तचाचणी झाली, इतक्यांत गुठळी आली, त्यांचे काय केले, मानमोडीची आणि देवीची लस कोणत्या तारखेला, कुपीचा बॅच क्रमांक अमुक, पुढच्या चाचणीची मुदत अमुक. बर्ड फ्लूबद्दल तर त्यात काहीही दावा नको. आपल्या देशात त्या विषाणूविरुद्ध, म्हणजे एच-५ प्रकाराविरुद्ध, लस द्यायला परवानगी नाही. बदके तर तो अंगावर बाळगून धडधाकट दिसतात. कळप त्या विषाणूपासून मुक्त असल्याचे सांगायला सतत नमुने घ्यावे लागतात आणि ते उंच कुंपणाच्या कंपार्टमेंटलाच जमते. परसातला दाखला तेवढे वचन देऊ पाहील तर पहिल्याच साथीत खोटा पडेल आणि त्याबरोबर त्यातला खरा भागही बुडेल. खात्याला माझी एवढीच विनंती आहे की मोठ्या नावाचा मोह टाळावा. ‘रोगमुक्त ग्राम’ असा फलक लावण्यापेक्षा बॅच क्रमांक लिहिलेले कार्ड बरे.

गावातून येणारी भीती वेगळी आहे, आणि ती मला या सगळ्या आक्षेपांपेक्षा जास्त गंभीर वाटते. कोंबड्या मोजायला सरकारी माणूस आला म्हणजे पुढे कर, दंड किंवा खड्डा, असे गणित लोक मनात मांडतात. मुरुंबा-चिरनेरच्या बातम्या ऐकलेल्यांनी ते मांडले तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. शिवाय दाखला बंधनकारक झाला की तो विकत मिळू लागेल. गाडीच्या पीयूसीचे जे झाले तेच कोंबडीच्या दाखल्याचे होईल, गाडी न बघता कागद मिळतो तसा कोंबडी न बघता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळणाऱ्यालाही सरकारकडे नाव नोंदवावे लागते. आधी ही मर्यादा ५० पक्ष्यांची होती. तिथे ते फुकट आहे आणि ऑनलाइन होते, आणि साथीच्या वेळी मालकांना कळवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे मात्र सक्तीने सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. ज्या घराला आपली कोंबडी नोंदवून काही मिळत नाही त्याने ती का नोंदवावी? ऐच्छिक ठेवा, पहिली काही वर्षे शुल्क घेऊ नका, आणि नोंद केलेल्याला दोन गोष्टी ठामपणे द्या. एक, वस्तीची लस वेळेवर येईल. दुसरी, मर आल्याचे नोंदलेल्या घराने कळवले तर भरपाईचा हिशेब त्याच्या कार्डावरच्या संख्येपासून सुरू होईल, पथकाला शिल्लक सापडलेल्या कोंबड्यांपासून नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी केंद्राशी बोलावे लागेल, कारण भरपाईचा अर्धा वाटा तिकडून येतो. कळवण्याला बक्षीस नको, पण कळवणाऱ्याचे नुकसान न कळवणाऱ्यापेक्षा जास्त होऊ नये, एवढी तजवीज तरी हवी. ती होत नाही तोवर कलम ४ कागदावरच राहील.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो इतर प्रश्नांइतका अवघड नाही. अँटिजेनचा थेंब, सुई, एक कार्ड, पर्यवेक्षकाचा प्रवास. यांतला प्रवास सर्वांत महाग, आणि तो लशीसाठी एरवीही व्हायलाच हवा. दुसऱ्या पारड्यात एका वस्तीतल्या सगळ्या कोंबड्या मानमोडीने आठवड्यात संपणे आहे, ज्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही आणि म्हणून त्याचा खर्चही कुठे दिसत नाही. ज्या बाईची अंडी दर बाजारी विकून घरातले मीठ-तेल येते, तिच्या हिशेबात मात्र तो असतो.

सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर आपल्याच खात्यात आहे. खडकी, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. त्यांतून निघालेली एकदिवसीय पिल्ले आणि वाढवलेल्या तलंगा योजनांमधून लाभार्थ्यांच्या घरी जातात. २५ माद्या आणि ३ नरांचा गट निम्म्या अनुदानावर मिळतो. लाभार्थ्याला पिल्लांबरोबर पावती मिळते. त्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मूळ कळपाच्या पुलोरम चाचणीची शेवटची तारीख, तपासलेल्या आणि काढून टाकलेल्या पक्ष्यांची संख्या, पिल्लांना दिलेल्या लशी आणि त्यांचे बॅच क्रमांक छापले जावेत. त्यासाठी नवे पद, नवा निधी, केंद्राची परवानगी यांतले काहीच लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेल. खासगी पैदासकाराकडे आपण असा कागद मागू लागलो की तो आधी विचारेल, सरकारी पिल्लाबरोबर तो येतो का. पुढच्या वाटपाआधी त्याला होकार देता यावा, एवढे आपण करावे.

कळावे.